ऑब्जेक्ट ओरिएंटेडच्या वर्गासाठी 'आधी चाचणी' पद्धतीचे सराव कसे बांधावेत?

खडू_आणि_कंस

मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जावामधून ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवतो. वर्गात साठ मुलं. आजवर तपासायची पद्धत अशी: प्रोग्राम चालवायचा, पडद्यावर काय उमटतंय ते बघायचं, कोडवरून नजर फिरवायची आणि गुण द्यायचे. पंचविसाव्या फाईलनंतर नजरेऐवजी डोकं फिरायला लागतं.

यंदा ठरवलं की प्रत्येक सरावासोबत जेयुनिटच्या (जावाचं कोड आपोआप तपासणाऱ्या साधनाच्या) चाचण्या द्यायच्या. पहिला सराव 'खाते': जमा, उचल, शिल्लक आणि एका खात्यातून दुसऱ्यात हस्तांतर. हौसेनं १४ चाचण्या लिहिल्या. मग झालं ते असं.

अकरा जणांना थेट शून्य. कोणी मेथडचं (क्लासमधल्या एकेका कामाच्या कोडचं) नाव बदललं होतं, कोणाचं हस्तांतर लिहायचं राहिलं होतं. चाचणीची फाईल कंपाईलच झाली नाही, म्हणजे चालण्याजोगी बनलीच नाही, त्यामुळे जे जमलं होतं तेही वाया.

एकानं सगळी फील्ड (ऑब्जेक्टमधली माहिती) पब्लिक, म्हणजे बाहेरून कोणालाही बदलता येतील अशी, ठेवली आणि चौदाच्या चौदा चाचण्या हिरव्या, म्हणजे पास.

एका महाभागानं उचल मेथडमध्ये लिहिलं होतं: रक्कम ३० असेल तर शिल्लक ७० कर. माझ्या चाचणीत नेमके १०० जमा करून ३० काढले होते. चिडू की शाबासकी देऊ, कळेना.

पण खरं बोचलं ते वेगळंच. एका मुलीनं विचारलं, "सर, शिल्लक अपुरी असेल तर उचल मेथडनं फॉल्स द्यायचं की एक्सेप्शन टाकायचं?" (फॉल्स म्हणजे साधं 'नाही'; एक्सेप्शन म्हणजे चूक जाहीर करून काम तिथेच थांबवणं.) इतका चांगला प्रश्न वर्गात फार कमी वेळा येतो. आणि मी उत्तर काय दिलं, तर "चाचणी बघ".

तर जाणकारांनो, हे कसं बांधता तुम्ही? चाचण्या आधी द्यायच्या की लपवायच्या? मुलांकडून लिहून घ्यायच्या का? आणि डिझाईन बरं आहे की वाईट, हे चाचणीतून कळतं तरी का?

आळशी_लूप

३०-७० वाल्याला पूर्ण गुण द्या. तुम्ही मागितलं तेवढंच त्यानं दिलं. आमच्या धंद्यात याला 'गरजेपुरतं काम' म्हणतात आणि बढती मिळते.

अर्धविराम | आधी सांगाडा

कंपाईलचा घोळ सगळ्यात आधी मिटवा, तो एका संध्याकाळचा आहे. मुलांना कोरी फाईल देऊ नका, सांगाडा द्या. सगळ्या मेथडी जागेवर, प्रत्येकीच्या पोटात एकच ओळ: अनसपोर्टेड-ऑपरेशन-एक्सेप्शन फेकायची. म्हणजे पहिल्या मिनिटाला सगळं कंपाईल होतं आणि सगळं लाल दिसतं. मग एकेक हिरवं करत जायचं. हस्तांतर राहिलं तर हस्तांतराच्याच चाचण्या पडतील.

दुसरं, १४ चाचण्या एकदम दाखवू नका. एक्सरसिझम या संकेतस्थळावरच्या जावाच्या सरावांत पहिली चाचणी सोडून बाकीच्या बंद ठेवलेल्या असतात. एक हिरवी झाली की आपल्या हातानं पुढची उघडायची. साधी युक्ती आहे, पण १४ लाल रेघा बघून हबकणं आणि एका लाल रेघेशी झुंजणं यात फरक आहे.

निळी_शाई

मी बाकाच्या दुसऱ्या बाजूनं बोलते, आत्ताच शिकून बाहेर पडलेय. लपवलेल्या चाचण्यांइतका संताप कशानंच येत नाही. 'चाचणी क्रमांक ९ अयशस्वी.' बरं, मग? काय चुकलं? अंधारात दगड मारत बसायचं.

आणि दाखवलेल्या चाचण्यांचे संदेश तरी धड लिहा हो. "अपेक्षित ७०, मिळाले ०" यावरून मला काय कळणार? असर्टइक्वल्सला (दोन किमती सारख्या आहेत का ते तपासणाऱ्या मेथडला) संदेशही देता येतो. तिथे "१०० जमा करून ३० काढल्यावर शिल्लक ७० उरायला हवी" असं लिहायला पाच सेकंद लागतात. आमचे सर तर अपेक्षित आणि मिळालेलं यांची जागाच उलटी लिहायचे. अपेक्षित आधी असतं. एक अख्खी रात्र मी बरोबर कोड दुरुस्त करण्यात घालवली आहे.

खडू_आणि_कंस

@निळी_शाई, आत्ताच आपल्या चाचण्या उघडून पाहिल्या. तीन ठिकाणी उलटं आहे. कोणाला सांगू नका.

जुना_खोडरबर | थोडा इतिहास, थोडी कुरबुर

तुम्ही जे करताय त्याला टेस्ट ड्रिव्हन (टीडीडी, म्हणजे आधी चाचणी लिहून मग कोड लिहिणं) म्हणू नका, एवढीच विनंती. ही यंत्राकडून केलेली तपासणी आहे. वाईट नाही, पण वेगळी आहे.

केंट बेक यांनी स्मॉलटॉक या भाषेसाठी एसयुनिट हे चाचणीचं साधन लिहिलं. १९९७ मध्ये ऊप्स्ला या ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगच्या परिषदेसाठी झुरिचहून अटलांटाला जाताना विमानात ते आणि एरिक गामा यांनी जेयुनिटची सुरुवात केली. दोघे शेजारी बसून आळीपाळीनं लिहीत होते. चाचणी लिहिणारा आणि कोड लिहिणारा एकच होता, हे यातलं खरं मर्म. चाचणी लिहिताना तुम्ही अजून अस्तित्वात नसलेला क्लास वापरून बघता. मेथडचं नाव काय असावं, ती काय मागेल, काय देईल, बिघडलं तर काय करेल, हे सगळं तिथे ठरतं. तुमच्या त्या मुलीचा प्रश्न म्हणजेच टीडीडी. तिनं चाचणी न लिहिता तोंडानं विचारलं, इतकंच.

तयार चाचण्या दिल्या की तो विचार तुम्ही करून मोकळे झालेले असता. तिच्या वाट्याला रिकाम्या जागा भरणं उरतं.

पायरी_पायरीने

खोडरबरांशी तत्त्वतः सहमत, व्यवहारात नाही. ज्याला कन्स्ट्रक्टर म्हणजे काय ते कालच कळलंय, त्याला आज "नसलेल्या क्लासची चाचणी लिही" सांगणं म्हणजे आधी कळस मग पाया. मी दोन वर्षं हट्टानं करून पाहिलं. मुलं आधी गुपचूप कोड लिहायची, मग त्याला शोभतील अशा चाचण्या लिहायची आणि फाईलींच्या वेळा जुळवायची. निष्ठेनं खोटं बोलायला शिकली, बाकी काही नाही.

जुना_खोडरबर

@पायरी_पायरीने, म्हणून मी सक्ती करा म्हटलेलं नाही. पहिल्या दोन-तीन सरावांना चाचण्या तुमच्या असू द्या. चौथ्याला पाच तुमच्या आणि तीन त्यांच्या. चाचण्या वाचता यायला लागल्या की मग लिहिता येतात. वाचायला न शिकवताच निबंध मागितला की मुलं नक्कलच करणार.

घुबड | डिझाईन चाचणीतून दिसतं का?

दिसतं, पण सरळ बघायला गेलात तर नाही.

फील्ड प्रायव्हेट आहेत का, हे रिफ्लेक्शन (प्रोग्राममधूनच क्लासची रचना तपासायची सोय) वापरून तीन ओळींत तपासता येतं आणि बरेच जण तपासतात. मला ते पटत नाही. त्यात 'प्रायव्हेट' हा शब्द तपासला जातो, एन्कॅप्सुलेशन (आतली माहिती बाहेरच्यांपासून सुरक्षित ठेवणं) तपासायचं तसंच राहतं. व्यवहारांची यादी प्रायव्हेट ठेवायची आणि गेटरमधून (माहिती परत देणाऱ्या मेथडमधून) तीच यादी जशीच्या तशी बाहेर द्यायची, हे तर सर्रास चालतं. दाराला कुलूप, भिंतच नाही.

त्यापेक्षा वागणुकीची चाचणी लिहा. खात्यात तीन व्यवहार करा. व्यवहारांची यादी मागा. ती यादी रिकामी करा. पुन्हा यादी मागा. अजून तीन निघाले तर भिंत आहे. एक लक्षात ठेवा, काही मुलं न बदलता येणारी यादी परत देतील, मग रिकामी करतानाच एक्सेप्शन येईल. तेही बरोबरच उत्तर आहे, तेव्हा चाचणीनं दोन्ही चालवून घ्यायला हवं. माझ्या पहिल्या आवृत्तीत वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाची चाचणी लाल झाली होती ती याच कारणानं.

पॉलिमॉर्फिझमसाठी (एकाच इंटरफेसमागे वेगवेगळे क्लास चालणं) माझा आवडता सराव म्हणजे रांग. एक इंटरफेस (फक्त मेथडींची यादी, आतलं कोड नाही) द्यायचा: मागे घाल, पुढून काढ, किती आहेत. दोन क्लास लिहून घ्यायचे, एक ॲरेवर, एक लिंक्ड लिस्टवर. चाचण्या मात्र एकदाच लिहायच्या, एका ॲब्स्ट्रॅक्ट (उपक्लासनं पूर्ण करायच्या) चाचणी-क्लासमध्ये. त्यात 'नवी रांग दे' अशी एक ॲब्स्ट्रॅक्ट मेथड. तिचे दोन उपक्लास, प्रत्येकात ती एकच मेथड. जेयुनिट वारशानं आलेल्या चाचण्याही चालवतं, त्यामुळे त्याच चाचण्या दोन्ही रांगांवर चालतात. ॲरेवाली रांग भरल्यावर गुंडाळून पुन्हा सुरुवातीला यायला विसरते आणि लिंक्ड लिस्टवाली शेवटचा घटक काढल्यावर शेपटीचा दुवा साफ करायला विसरते. चुका निराळ्या, पकडणाऱ्या चाचण्या त्याच. इंटरफेस कशासाठी असतो हे फळ्यावर तासभर सांगून जे पोचत नाही, ते इथे पोचतं.

रिकामी_ओळ

+१. ॲब्स्ट्रॅक्ट चाचणी-क्लासची कल्पना उचलतेय. वाचनखूण साठवली आहे.

कंसातला_माणूस | खोटे क्लास

मी उलटं करतो. मुलांना कोड मागतच नाही, फक्त चाचण्या मागतो.

'खाते' क्लास काय करतो ते शब्दांत लिहून देतो. माझ्याकडे त्याचे अनेक अवतार असतात. एक बरोबर, बाकी प्रत्येकात एक किडा. मुलांच्या चाचण्या आधी बरोबर अवतारावर चालवतो, तिथे सगळं हिरवं यायलाच हवं. मग एकेका किडक्या अवतारावर. जितके किडके पकडले तितके गुण. यामागची म्युटेशन टेस्टिंग ही कल्पना जुनी आहे, डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांचा त्यावरचा निबंध १९७८ चा. जावासाठी पिट नावाचं साधन असे किडे आपोआप पेरतं, पण सुरुवातीला हातानं पेरलेले बरे, कारण ते मुलं खरोखर करतात त्या चुकांसारखे असतात.

माझे काही किडे: शिल्लक नेमकी जेवढी तेवढीच रक्कम काढायला नकार देणारं खाते (मोठं आणि मोठं-किंवा-समान यांतला घोळ). ऋण रक्कम मुकाट्यानं जमा करून घेणारं. स्वतःतूनच स्वतःत हस्तांतर केलं की शिल्लक वाढवणारं. उचल नाकारतं पण व्यवहारांच्या यादीत नोंद करून ठेवतं, असं एक. आणि माझं लाडकं: शिल्लक स्टॅटिक, म्हणजे सगळ्या खात्यांत सामायिक, असलेलं. एकच खाते बनवून तपासलं तर ते अगदी गुणी बाळ. दोन बनवलीत तरच सापडतं.

यात ३०-७० सारखी चलाखी चालत नाही. उलट तसा विचार करणारी पोरं इथे चमकतात.

आळशी_लूप

म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आवडलं.

पायरी_पायरीने

@कंसातला_माणूस, हे खरंच छान आहे. एक शंका. 'अपुरी शिल्लक असेल तर काय' हे तुम्ही शब्दांत आधीच सांगून टाकता ना? म्हणजे त्या मुलीचा प्रश्न इथेही मरतोच.

कंसातला_माणूस

मुद्दा बिनतोड. म्हणून वर्णनात मुद्दाम एक-दोन भोकं ठेवतो आणि पहिला तास ती भोकं शोधण्यात घालवतो. वर्गात जे ठरेल ते फळ्यावर लिहायचं, मग चाचण्या. एका वर्षी वर्गानं एक्सेप्शन निवडलं, पुढच्या वर्षीच्या वर्गानं फॉल्स. मला दरवर्षी किडे दुरुस्त करावे लागतात, तेवढी किंमत आहे.

टोपणनाव_नको

थोडं अवांतर. चाचण्यांची नावं कोणत्या भाषेत लिहिता? जावात देवनागरी नावं चालतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माझ्या वर्गातली खरी नावं: अपुरी_शिल्लक_असताना_उचल_नाकारावी(), स्वतःलाच_हस्तांतर_केल्यास_शिल्लक_तीच_राहावी(). चाचणी पडली की अहवालात अख्खं मराठी वाक्य लाल दिसतं. जेयुनिट ५ मध्ये डिस्प्लेनेम देता येतं, त्यात तर काहीही लिहा. मुद्दा भाषाप्रेमाचा नाही. नाव मराठीत लिहायला लावलं की 'टेस्ट१', 'टेस्ट२' लिहिणारे आपोआप वाक्य लिहायला लागतात, आणि वाक्य लिहायचं तर काय तपासतोय ते ठाऊक असावं लागतं.

अर्धविराम

मस्त. फक्त एन्कोडिंग (अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत) सांभाळा. जावा १८ पासून यूटीएफ-८ हे ठरलेलं आहे, त्याआधी ज्याचं मशीन जसं तसं. विंडोजवर कंपायलरला एन्कोडिंग सांगायला विसरलात तर नावांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतील.

आळशी_लूप

आमच्याकडे प्रश्नचिन्हं एन्कोडिंगशिवायही येतात.

अवांतरात भर: जावाच्या इंटीजर.पार्सइंटला '१२' अशी देवनागरी स्ट्रिंग दिली तर तो निमूटपणे बारा परत करतो. कोडमध्ये मात्र आकडा देवनागरीत लिहिलात तर कंपायलर ऐकत नाही.

टोपणनाव_नको

काय सांगता! आत्ता चालवून पाहिलं. खरंच बारा.

नेटके | किरकोळ पण महागात पडणाऱ्या गोष्टी

अवांतर थांबवून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. साठ जणांचं कोड एकत्र चालवणार असाल तर या आज ना उद्या आडव्या येतीलच.

कोणीतरी सिस्टिम.एग्झिट लिहिणारच. त्यानं चाचण्यांसकट सगळी प्रोसेस मरते. पूर्वी सिक्युरिटी मॅनेजर (जावातला पहारेकरी) लावून अडवत असत, पण जावा १७ मध्ये तो निवृत्तीच्या वाटेला लागला. आता प्रत्येकाचं कोड स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवणं बरं.

कोणीतरी न संपणारं लूप लिहिणारच. जेयुनिट ५ मध्ये असर्ट-टाईमआउट-प्रीएम्प्टिव्हली आहे, ते वेळ संपली की पुढे जातं. पण ते आतल्या थ्रेडला थांबायची फक्त विनंती करतं. हट्टी लूप ऐकत नाही आणि मागे धागा फिरतच राहतो. (तो धागा. हा नव्हे.) म्हणजे पुन्हा स्वतंत्र प्रोसेसच.

पडद्यावर छापलेलं तपासणार असाल तर ओळ संपायची खूण विंडोजवर वेगळी असते. शक्यतो छापणं तपासूच नका, मेथडनं परत केलेली किंमत तपासा. नाहीतर एका जास्तीच्या जागेवरून पोरं रडतात.

शिल्लक डबलमध्ये (दशांश आकड्यांच्या प्रकारात) ठेवू देऊ नका. ०.१ आणि ०.२ मिळून नेमके ०.३ होत नाहीत, आणि मग असर्टइक्वल्सच्या तिसऱ्या आकड्याची, म्हणजे चालणाऱ्या फरकाची, कहाणी सांगत बसावं लागतं. सर्वांत लहान एककात लाँग (पूर्णांकांचा प्रकार) वापरा.

चाचण्यांच्या क्रमावर विसंबू नका. जेयुनिट दर चाचणीसाठी चाचणी-क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतं, पण स्टॅटिक तसंच राहतं. 'पहिल्या खात्याचा क्रमांक १' ही चाचणी एकटी चालते आणि सगळ्यांसोबत पडते.

आणि इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट सारखे आहेत का ते सांगणारी मेथड)! मुलं 'खाते' घेणारं इक्वल्स लिहितात, ऑब्जेक्ट घेणारं नाही. मेनमधून स्वतः तपासलं तर ट्रू. असर्टइक्वल्समधून फॉल्स. मुलाला वाटतं जेयुनिट बिघडलंय. ओव्हरलोड (त्याच नावाची वेगळी मेथड) आणि ओव्हरराइड (वारशानं आलेली मेथड बदलणं) यांतला फरक समजावायला याहून चांगला अपघात नाही, म्हणून ही चाचणी मी मुद्दाम ठेवतो आणि ओव्हरराइडची खूण लिहायची आठवण मुद्दाम करत नाही.

निळी_शाई

@नेटके, शेवटच्या वाक्यावरून कळलं की तुम्ही मास्तर आहात. इतका आनंद दुसऱ्या कोणाला होत नाही.

खडू_आणि_कंस | तीन आठवड्यांनी

धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार, बरंच करून पाहिलं.

सांगाडा दिला, कंपाईलची रड संपली. संदेश मराठीत लिहिले, शंका विचारायला येणारी रांग निम्मी झाली. तिसऱ्या सरावाला कंसातल्या माणसाची युक्ती लावली. आठ किडके अवतार बनवले. पहिला अख्खा तास 'काय व्हायला हवं' यावर भांडणात गेला. वर्ग एक्सेप्शनवर आला, पण त्या मुलीचं मत फॉल्सच्या बाजूनं होतं आणि तिचं म्हणणं अजून मला खोडता आलेलं नाही: अपुरी शिल्लक ही रोजची गोष्ट आहे, त्यात अपवादात्मक काय?

आठही किडे पकडणारे वर्गात फक्त दोघे. त्यातला एक ३०-७० वाला.

आता नवी अडचण. हिरवं झालं की मुलं थांबतात. लाल, हिरवं, मग कोड सुधारणं, यातली तिसरी पायरी कोणी चढतच नाही. पाच वेळा चिकटवलेलं तेच कोड, पण हिरवं. चाचणी त्याला काय करणार?

घुबड

चाचणी काही करणार नाही, पुढचा आठवडा करेल. त्याच कोडवर नवी मागणी द्या. 'आता ठरावीक मर्यादेपर्यंत उणे शिल्लक चालणारं खाते हवं.' जुन्या चाचण्या हिरव्याच राहायला हव्यात. ज्यानं पाच ठिकाणी चिकटवलंय तो एका ठिकाणी बदलेल आणि चार ठिकाणी विसरेल. मर्यादेची तपासणी एकाच मेथडमध्ये ठेवणाऱ्याचं काम दहा मिनिटांत होईल. शेजारी बसलेल्याला दहा मिनिटांत उठताना पाहिलं की पुढच्या वेळी तिसरी पायरी चढतात.

मात्र नवी मागणी आधी जाहीर करू नका. नाहीतर हुशार मुलं पहिल्याच दिवशी सतरा इंटरफेस करून ठेवतात.

पायरी_पायरीने

आणि मूल्यमापन फरकाचं करा. दुसऱ्या आठवड्यात किती ओळी बदलाव्या लागल्या, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. गुण देऊ नका. गुण दिले की ओळी मोजून एका ओळीत कोंबतील.

खडू_आणि_कंस

पटलं. सोमवारी करतो.

रिकामी_ओळ

तुमचे आठ किडके क्लास इथे टाकाल का? माझ्या वर्गासाठी घेईन म्हणते.

खडू_आणि_कंस

सत्र संपल्यावर नक्की. माझी मुलंही इथे वाचत असतील, आत्ताच फोडलं तर मजा गेली. आठही वेगवेगळ्या प्रकारचे आहेत.

नवा_सदस्य_७०

सर, आठ क्लास आहेत पण किडे नऊ. सातवा क्लास हस्तांतर फसलं तरी पैसे कापतो, आणि ऋण रक्कमही जमा करून घेतो.

खडू_आणि_कंस

कोण रे तू? ...बरं, सत्तर. कळलं.